नाकापेक्षा मोती जड : होतकरू पशुपालकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका दोन अटी पूर्ण करणाऱ्यांसाठी आहे. एक, अल्पाका नावाच्या जनावराचा व्हिडिओ तुम्हाला कुणीतरी मोबाइलवर पाठवलेला असावा आणि तो तुम्ही घरच्यांनाही दाखवलेला असावा. दोन, मंगळवेढा, सांगोला नाहीतर मोहोळच्या बाजूला तुमची वडिलोपार्जित चार-पाच एकर जमीन असावी आणि भावाभावांत तिची अजून वाटणी झालेली नसावी. फक्त जमीन असेल तर शाळू पेरा. फक्त व्हिडिओ असेल तर पुढे पाठवा.

आधी अल्पाका उरकून घेऊ. हा उंटाच्या गोतावळ्यातला, दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतावर राहणारा प्राणी. पेरू आणि बोलिव्हियात साडेतीन-चार हजार मीटर उंचीवर तो चरतो, जिथे रात्री पाणी गोठतं. सोलापूर साडेचारशे मीटरवर आहे आणि मे महिन्यात इथला पारा ४३ च्या पुढे जातो. त्या दिवसांत शहाणा सोलापूरकर दुपारी बनियनवर बसतो. अल्पाकाला बनियनची सोय नाही. मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि एकच पिल्लू देते, म्हणजे वर्षभर कर्जाचे हप्ते भरूनही कळप जवळपास होता तेवढाच. गुण सांगायचे तर हा प्राणी ठरलेल्या एकाच जागी लेंड्या टाकतो. ही शिस्त माणसांना लावण्यासाठी आपल्याकडे सरकारला अभियानं काढावी लागली. राग आला की तो थुंकतो. या एका बाबतीत सोलापूरला परदेशातून मदत मागवण्याची गरज नाही.

जिवंत जनावर परदेशातून आणायचं तर केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचा आयात परवाना, तिकडच्या पशुवैद्यकाचा दाखला आणि इथे उतरल्यावर विलगीकरण, हे सगळं आलं. ज्यांना सातबाऱ्यावरची वारसनोंद अजून करून घेता आलेली नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

तसा अल्पाका आपल्याकडे येऊन गेलेला आहे, पण कापडाच्या रूपाने. ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्ट या गिरणीवाल्याने १८३०च्या दशकात या लोकरीचं चकचकीत कापड काढलं, त्यावर गिरणी उभारली, गिरणीभोवती गाव वसवलं. अल्पाक्याचं कापड पुढे साम्राज्यभर गेलं आणि आपल्याकडे वकील-मास्तरांच्या अंगावर काळा कोट होऊन बसलं. आजोबांच्या पिढीने अल्पाका पाळला नाही, नुसता घातला. नातवाला तो पाळायचा आहे आणि सोलापुरात कोट घालायची सोय नाही.

अमेरिकेची हकीकत मात्र नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. तिथे १९८४ पासून अल्पाका येऊ लागले. निवृत्तीनंतर शेतावर राहू पाहणाऱ्या मंडळींनी ते घेतले. भाव हजारो डॉलरवर गेले, निवडक नर लाखांवर. कुणी घेतले? ज्यांना आणखी अल्पाका पैदा करायचे होते त्यांनी. त्यांच्याकडून कुणी घेतले? ज्यांना आणखी पैदा करायचे होते त्यांनी. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडून दाखवला की, अंगावरच्या लोकरीच्या किमतीत हा भाव कुठूनही बसत नाही. पुढच्याच वर्षी मंदी आली आणि काही वर्षांत लोक अल्पाका फुकट देऊ लागले. स्वेटर घालणारा माणूस या साखळीच्या टोकाला उभा असायला हवा होता. त्याच्यापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

म्हणून पहिला धडा. जनावराचे दात, खूर, कास हे नंतर तपासा. आधी शेवटचं गिऱ्हाईक कोण ते विचारा. शेवटचं म्हणजे जो ते जनावर पुढे विकणार नाही. खाईल, पिईल, पांघरेल, नांगराला जुंपेल. असा माणूस सापडेना तर तुम्ही पशुपालन करत नसून रांगेत उभे आहात, आणि रांगेत आपला नंबर कितवा हे रांगेतल्याला कळत नाही.

हे अमेरिकेतच होतं असं समजू नका. आपल्याकडे दीडेक दशकापूर्वी इमू आला. ऑस्ट्रेलियातला, माणसाएवढा उंच, न उडणारा पक्षी. अंडं गडद हिरवं, आणि ते सात-आठ आठवडे नर उबवतो. बायकांना ही माहिती फार आवडली. तेल विकलं जाईल, मांस विकलं जाईल, कातडं, पिसं, नखं, सगळं विकलं जाईल असं माहितीपत्रकात होतं. प्रत्यक्षात विकली गेली ती पिल्लं, पुढच्या इमूपालकाला. २०१२ मध्ये तमिळनाडूतल्या पेरुंदुराईची मोठी कंपनी कोसळली आणि उपाशी पक्ष्यांना चारा घालायची वेळ तिथल्या सरकारवर आली. मग कडकनाथ आला. झाबुआची ही काळी कोंबडी अस्सल आहे, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. खोटी होती ती अंडी-पिल्लं दामदुपटीने परत घेण्याची हमी. २०१९ मध्ये इस्लामपूरच्या एका कंपनीवर गुन्हे दाखल झाले आणि पश्चिम महाराष्ट्रातले कोंबडीवाले मोर्चे काढू लागले. कोंबडीची त्यात चूक नव्हती. ती अंडी देत होती.

आता जनावर कोणतं

एवढं वाचूनही हौस फिटली नसेल, तर तुमच्यासाठी जनावर घराजवळच आहे. मान लांब, पाय उंच, कान पानासारखे लोंबते, नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार, तोंडावर जन्मजात तुच्छता, आणि भाव ऐकून पाहुण्याने पाणी मागावं असा. सोलापूरच्या शेजारी, जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून त्याला माडग्याळ मेंढी म्हणतात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, इकडे सांगोला, मंगळवेढा, हा तिचा मुलूख. पांढऱ्या अंगावर तांबूस-तपकिरी ठिपके किंवा पट्टे. लोकर नावापुरती. अल्पाका म्हणजे लोकर, तर माडग्याळ म्हणजे नाक, हा फरक डोक्यात पक्का करा.

तिच्याशेजारी चरणारी काळीसावळी, ठेंगणी, राठ लोकरीची ती दख्खनी मेंढी. हिच्या लोकरीचं घोंगडं होतं. पावसात छत्री, थंडीत पांघरूण, लग्नात बैठक, देवापुढे आसन. पन्नास वर्षं टिकायचं म्हणतात. सणगर मंडळी खड्ड्याच्या मागावर ते विणतात आणि चिंचोक्याची खळ लावतात. सोलापूर चादरीचं गाव म्हणून जगात गेलं, पण चादर सुताची. मेंढीशी तिचा संबंध नाही. आज कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नाही. मेंढपाळ वर्षातून दोनदा पदरचे पैसे घालून मेंढ्या कातरून घेतो, नाहीतर अंगाला गोचीड होते. दख्खनीला शेवटचं गिऱ्हाईक होतं, घोंगडं पांघरणारं. ते गिऱ्हाईक रेनकोट घालून निघून गेलं. शेवटचं गिऱ्हाईक शोधायला जसं हवं तसं ते मधेच उठून गेलं का हेही पाहायला हवं, ही त्या धड्याची पुरवणी.

खरेदी

सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारी भरतो. तिथे उजाडायच्या आत पोचा. इस्त्रीचा शर्ट घालू नका. भाव शर्टावरून सुरू होतो. पांढरे बूट घातलेत तर थेट आटपाडीच्या कार्तिकातल्या यात्रेत जा, तिथे तुमच्यासारखे पुष्कळ असतील. मेंढ्याला 'क्यूट' म्हणू नका. त्याच्यासोबत फोटो काढण्यापूर्वी विचारा, कारण नामांकित नरापाशी फोटोवाल्यांचीही रांग असते.

बोलणं साधारण असं चालतं.

"किती सांगता, आप्पा?"

"सांगायचं काय हाय त्यात? घ्यायचं बोला की."

"तरी, अंदाज?"

"अंदाज तुमच्या तोंडावर दिसतोय, साहेब."

मग दलाल पुढे येतो, रुमाल किंवा टॉवेल टाकतो आणि त्याखाली बोटं धरली जातात. कुठलं बोट धरलं, किती दाबलं, यावर शेकडा आणि हजार ठरतात. शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही. नवख्याच्या बाबतीत स्वतःलाही कळत नाही. म्हणून पहिल्या वर्षी हात खिशात ठेवा. रुमालाखाली हात गेला की तो सौद्याशिवाय बाहेर काढणं अवघड, आणि निव्वळ भिडेपोटी मेंढ्याचे मालक झालेले लोक असतात.

वय दातांवरून बघा. पुढचे दुधाचे दात असतील तर वर्षाच्या आतलं. दोन मोठे दात आले की वर्ष-दीड वर्ष. चार, सहा, आठ असं वाढत जातं; आठही आले की जनावर जुळलं म्हणायचं. हे सगळं तोंड उघडून बघण्याची हिंमत असेल तर. नसेल तर मालक सांगेल ते वय, आणि ते दरवर्षी तेवढंच असतं.

नाक मात्र सगळ्यांना बघता येतं, म्हणून भाव तिथेच ठरतो. नाक जितकं बाकदार तितकी किंमत चढती. मालक नराची हनुवटी वर उचलून एका बाजूने दाखवतो, कारण समोरून नाकाचा बाक दिसत नाही. कोकरू असतानाच नाकाचा अंदाज घेणारे जाणकार आहेत. त्यांच्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका; पण बोली लागते ती त्यांच्या शब्दावर.

इथे आटपाडीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०२० च्या डिसेंबरात देशभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली की, सांगोला तालुक्यातल्या एका माडग्याळ मेंढ्याला आटपाडीच्या बाजारात ७० लाखांची बोली लागली. मालकाने दिला नाही. त्याचं सांगणं दीड कोटीचं होतं. मेंढ्याचं नाव सर्जा, पण जाईल तो बाजार मारतो म्हणून लोक त्याला मोदी म्हणू लागले. बातमी इंग्रजीत, हिंदीत, कुठे कुठे गेली.

नवशिक्याने ही बातमी पेन्सिल घेऊन वाचावी. चांगला पोसलेला नर साठ किलो भरला असं धरा. त्यात मटण निम्मं, म्हणजे तीस किलो. किलोला ८०० धरले तर २४ हजार. ७० लाखांतून हे वजा करा. उरले ६९ लाख ७६ हजार. एवढी रक्कम नाकाची. आता दुसरी गोष्ट: ७० लाख बोली होती, सौदा नव्हता. सौदा झाला असता तर पैसे मोजले गेले असते; झाला नाही म्हणून भाव मोजला गेला. न विकलेल्या जनावराने साऱ्या मुलखातल्या विकाऊ जनावरांचा भाव चढवला, हे त्या मेंढ्याचं खरं कर्तृत्व. त्याच्या मालकाला मी वेडा म्हणणार नाही. बाजाराची नाडी त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळलेली दिसते.

प्रकल्प अहवाल

जनावर घेण्याच्या आधी अहवाल करायचा असतो, पण लोक नंतर करतात, म्हणून इथे घेतला.

भटक्या जमाती-क प्रवर्गातल्यांसाठी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ मध्ये सुरू झाली: २० मेंढ्या आणि १ नर, ७५ टक्के अनुदान. आकडा माणसासारखा आहे; एक कुटुंब सांभाळू शकेल एवढा. २०२१ मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात मोठ्या उद्योजकांना ५०० माद्या आणि २५ नरांसाठी ५० टक्के, कमाल ५० लाख रुपये भांडवली अनुदान आहे. ज्या माणसाने आयुष्यात एकही मेंढी पकडलेली नाही, त्याने २५ नरांची एकमेकांशी टक्कर लागली तर काय करायचं, याचा रकाना अर्जात दिसत नाही.

अहवाल लिहून देणारी माणसं तहसील कचेरीच्या आसपास मिळतात. त्यांच्या अहवालातली मेंढी हा एक स्वतंत्र वाण आहे. ती दोन वर्षांत तीनदा विते, दरवेळी जुळं देते, जुळ्यात माद्या जास्त निघतात, तिला पावसाळ्यात जंत होत नाहीत आणि ती मरत नाही. चारा ती खाते, पण तो शेतावरच पिकतो आणि म्हणून त्याची किंमत शून्य. मजुरीच्या रकान्यात 'स्वतः' असं लिहिलेलं असतं. हे 'स्वतः' पुण्यात नोकरीला आहेत. पाचव्या वर्षाच्या शेवटी या मेंढीने बंगला बांधलेला असतो.

प्रत्यक्षातली माडग्याळ बहुधा एकच कोकरू देते, पाच महिने गाभण राहून. कोकरू मात्र जन्मतःच दांडगं असतं आणि वाढतंही झपाट्याने. तिच्या नावाचा खरा दबदबा यामुळे आहे, नाक ही त्यावरची कलाबूत.

जुळ्यांची हौस असणाऱ्यांनी फलटणकडे बघावं. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. सुंदरबनातली गरोळ नावाची मेंढी, आकाराने एवढीशी, पण जुळी-तिळी देणारी. तिच्यातला एक जनुक त्यांच्या कन्या चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून दख्खनी मेंढीत उतरवला आणि 'नारी सुवर्णा' तयार झाली. चंदाताई इरावती कर्व्यांच्या नात. आजीने माणसांचे गोत-कूळ मोजले, नातीने मेंढ्यांचे. गंमत अशी की, ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढीचा जुळ्यांबद्दल जगभर बोलबाला होता, तो जनुकही मूळचा हाच निघाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या, त्यांच्यासोबत तो तिकडे पोचला. परदेशी जनावराची हौस असणाऱ्यांना हे कळवावं की परदेशी जनावरातला कामाचा भाग कधीकधी आपलाच असतो. जुळ्यांची दुसरी बाजूही आहे: आईला दूध दोघांना पुरायला हवं. चारा असेल तर जुळं हे उत्पन्न, नसेल तर अहवाल.

खाणंपिणं, ऊन, वाघर

जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मनात आलं तर. मेंढी हे याच हवेचं जनावर आहे. माळावरचं कुसळी गवत, बाभळीच्या शेंगा, तुरीचं भूस, कडबा, डाळिंबाच्या बांधावरचं तण, सगळ्यातून ती पोट काढते. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ज्वारी माणसाला जेवढं देते त्याहून जास्त तिचा कडबा जनावराला देतो. दुष्काळात धान्यापेक्षा कडब्याची गाडी महाग पडलेली या जिल्ह्याने पाहिली आहे.

बाजारात उभा करायच्या नराची पंगत वेगळी. मका, शेंगदाण्याची पेंड, हरभरा, दूध, काही घरांत अंडी. आपल्या आईचं पुरेना म्हणून कोकराला शेळ्यांना लावतात. घरातलं पोरगं चहाला दूध मागतं आणि त्याला सांगतात, सर्जाचं झाल्यावर बघू. मात्र धान्य एकदम वाढवलं तर पोटात आम्ल होऊन लाखाचा नर रात्रीत आडवा होतो. श्रीमंतीने मरणारी मेंढी माळावर सापडत नाही, गोठ्यात सापडते.

उन्हाळ्यात दुपारी कळप एका जागी गोळा होतो आणि प्रत्येक मेंढी दुसरीच्या पोटाखाली डोकं घालून उभी राहते. स्वतःचं अंग उन्हात, डोकं शेजारणीच्या सावलीत. तुम्ही लाखभर घालून छत बांधलंत तरी त्या हेच करतील. छत बांधा, पण कौतुकाची अपेक्षा ठेवू नका.

रात्री वाघर लावतात. वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण, खुंट्यांवर ताणलेलं, सकाळी गुंडाळून घोड्यावर टाकायचं. एका रात्रीत कुणाच्याही रानात वाडा उभा राहतो. आणि याच्यातच मेंढपाळाचं ते उत्पन्न आहे जे अहवालवाल्याला अजून सापडलेलं नाही: शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतात. लेंडी आणि मूत जागच्या जागी जमिनीत. शेवटचं गिऱ्हाईक म्हणून जमीन स्वतः उभी आहे, न चुकता, दरसाल. तुमच्या बंदिस्त शेडला हे जमणार नाही. तुमचं शेड चालत नाही.

लसी पावसाच्या आधी टोचा. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत उगवतं, मेंढरं त्यावर तुटून पडतात आणि आंत्रविषाराने धडधाकट कोकरं उड्या मारता मारता मरतात. पीपीआर, देवी, लाळ्या-खुरकूत, निळी जीभ. यादी पशुवैद्यकीय दवाखान्यात भिंतीवर लावलेली असते. डॉक्टर नसतील तर भिंत वाचून या.

शेजारी

सोलापूरच्या माळावर लांडगा आहे. नान्नजचं अभयारण्य माळढोकासाठी प्रसिद्ध, पण रात्री हजेरी लावतो तो लांडगा. मेंढपाळ त्याला ओळखतो, त्याच्याबद्दल शिवी आणि आदर यांच्या मधल्या कुठल्यातरी सुरात बोलतो. कायद्याने तो वाघाच्या पंक्तीला आहे. विष घालू नका, तुरुंगात मेंढी नेता येत नाही. जनावर मारलं गेलं तर वन खात्याकडे नुकसानभरपाई मागता येते, त्यासाठी पंचनामा लागतो, पंचनाम्यासाठी मेलेलं जनावर जागेवर लागतं, आणि लांडग्याला या अटीची कल्पना नसते. हल्ली टिपेश्वरहून चालत निघालेला एक वाघ येडशीच्या रामलिंग अभयारण्यात येऊन राहिला आणि बार्शीकरांची झोप उडाली. त्याच्याबद्दल या आवृत्तीत सूचना नाहीत.

भावाचा अंदाज

शेअर बाजारासारखी सोय इथेही आहे, आणि जुनी आहे. माढा तालुक्यातल्या अंजनगाव खेलोबाहून फरांडेबाबा कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टण कोडोलीला पायी जातात आणि विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत, भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यात, भाकणूक सांगतात. पाऊस कसा, पीक कसं, धारण कशी, रोगराई कुठे. वाक्य तुटक, अर्थ ज्याने त्याने लावायचा. दिवाळीच्या अमावस्येला मंगळवेढ्याजवळच्या हुलजंतीला महालिंगरायाची यात्रा भरते, बिरोबाची पालखी भेटीला येते आणि तिथेही लोक वर्षाचा अंदाज घेऊन घरी जातात. मी दोन्हींची तुलना दूरचित्रवाणीवरच्या बाजारतज्ज्ञांशी करून पाहिली आहे. भाकणूक कमी बोलते, वर्षातून एकदाच बोलते आणि फी घेत नाही.

विक्री

अखेर तुमच्याकडे एक नर आहे. दोन वर्षांचा, चार दाती, नाक बऱ्यापैकी. त्याचं नाव तुम्ही ठेवलं आहे, गळ्यात घुंगरू आहे, पाठीवर गुलाल आहे, आणि टेम्पोच्या भाड्यापायी बायको तुमच्याशी बोलत नाही. यात्रेत तीन दिवस उभे राहिलात. फोटो पुष्कळ निघाले. एकाने चार लाख म्हटलं आणि तो पाणी पिऊन येतो म्हणून गेला. दुसऱ्याने तुमच्याच नराच्या बदल्यात स्वतःचा नर आणि वर मोटारसायकल देऊ केली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाटीक येतो. तो घाईत नसतो. नाकाकडे बघत नाही, घुंगराकडे बघत नाही. पाठीच्या कण्यावरून हात फिरवतो, कमरेत बोटं रुतवतो, शेपटीच्या मुळाशी चाचपतो. त्याच्या दोन्ही हातांत मिळून वजनकाटा असतो, आणि तो किलोभराने चुकत नाही. हाच तो माणूस, जो हे जनावर पुढे कुणाला पाळायला विकणार नाही. तो आकडा सांगतो.

तुम्ही म्हणता, "अहो मामा, नाक तरी बघा की!"

तो खरोखर वाकून बघतो. "नाक चांगलं हाय," म्हणतो. "पण गिऱ्हाईक मुंडी येगळी मागतंय. मुंडीचा भाव येगळा, तो धरलाय मी."

इथे नवशिके चिडतात आणि नर परत घेऊन जातात. नेऊ नका. परतीचं टेम्पोभाडं, आणखी वर्षाची पेंड आणि नराचं वाढतं वय यांचा हिशेब तिथेच बोटांवर करा. खाटकाने सांगितलेला आकडा नापसंत असेल तर शेजारच्या दोन खाटकांना विचारा. तिघांत पाचशेचा फरक पडेल, त्याहून जास्त नाही. नर पैदाशीचा, उमदा, अंगाला धष्टपुष्ट असेल तर एखादा जुना मेंढपाळ आपल्या कळपाला लावायला खाटकापेक्षा थोडे जास्त देईल. तो नाकाबरोबर पाय बघेल, वृषण बघेल, आई कशी होती विचारेल, आणि दोन वर्षांनी नर बदलायचा म्हणून हाही विकेल, खाटकालाच. त्याला द्या.

पैसे मोजून घ्या. गुलालाच्या हातांनी नोटा एकमेकींना चिकटतात. घुंगरू सोडवून घ्या, दावं सौद्यात जातं. आणि रुमाल तुमचा असेल तर तोही मागून घ्या, दलाल विसरतात.